आकडा आणि त्याचा बदल एकाच सेलमध्ये : एका आढावा तक्त्याचं प्रकरण

तक्ता साधाच होता, एक्सेलमधला. बारा विभाग, सहा मोजमापं, आणि प्रत्येक मोजमापाला तीन रकाने : मागचा महिना, हा महिना, बदल. म्हणजे अठरा रकाने आणि विभागाच्या नावाचा एक. ए-फोर कागदावर आडवं छापलं तरी अक्षर इतकं बारीक व्हायचं की बैठकीत लोक कागद डोळ्यांजवळ धरून वाचायचे. एकदा आमच्या विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या, "मला आकडा दिसू दे, आणि त्याच्या शेजारीच कंसात वाढ झाली की घट तेही दिसू दे. एका गोष्टीसाठी तीन ठिकाणी नजर फिरवायला लावू नका."

मागणी रास्त होती. नुसत्या १,२४० या आकड्याला अर्थ नसतो. तो १,१४५ वरून आलाय की १,४०० वरून, हे कळलं की मगच तो बोलू लागतो. तक्ता माझ्याकडे होता, त्यामुळे काम माझ्याकडे आलं. पुढच्या चार-पाच महिन्यांत त्या एका सेलने मला जे शिकवलं ते इथे सविस्तर लिहितोय, कारण ही मागणी प्रत्येक कार्यालयात कधी ना कधी येते, आणि पहिलं सुचणारं उत्तर जवळजवळ सगळ्यांचं सारखंच असतं.

वाचताना एक सोय लक्षात ठेवा. इथली सूत्रं देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष शीटमध्ये फंक्शनची नावं, सेलचे पत्ते आणि अंक रोमन कीबोर्डवरूनच टाकायचे. बी रकान्यात मागचा महिना, सी रकान्यात हा महिना, आणि उदाहरणाची ओळ सातवी.

माझं पहिलं सूत्र असं होतं :

=सी७&" ("&(सी७-बी७)/बी७&")"

आणि सेलमध्ये उमटलं : १२४० (०.०८२९६९४३२३१४४१०५). सी७ मध्ये स्वल्पविरामासकट १,२४० दिसत होतं, ते इथे गेलं. बदलाच्या जुन्या रकान्यात ८.३% दिसायचं, त्याच्या जागी दशांशाची शेपटी आली. कारण समजून घेण्यासारखं आहे. सेलला दिलेलं फॉरमॅट म्हणजे आकड्यावर चढवलेला कपडा. आत साठवलेली संख्या वेगळी, बाहेर दिसतं ते वेगळं. जोडणीचं चिन्ह, म्हणजे '&', कपडा बघत नाही, थेट आतली संख्या उचलतं, आणि एक्सेल ती १५ सार्थ अंकांपर्यंत लिहून मोकळं होतं. म्हणून जोडायच्या आधी प्रत्येक तुकड्याला त्याचा कपडा सूत्रातच चढवावा लागतो. ते काम टेक्स्ट फंक्शन करतं :

=टेक्स्ट(सी७,"#,##०")&" ("&टेक्स्ट((सी७-बी७)/बी७,"▲ ०.०%;▼ ०.०%")&")"

आता सेलमध्ये आलं : १,२४० (▲ ८.३%). हेच हवं होतं.

त्या फॉरमॅटमधला अर्धविराम फार कामाचा आहे. त्याच्या अलीकडचा भाग धन संख्येला लागतो, पलीकडचा ऋण संख्येला. तिसरा भाग दिला तर तो शून्याला. दुसऱ्या भागात आपण स्वतः वजाचं चिन्ह टाकलं नाही तर ते दिसत नाही, म्हणून घट '▼ ३.२%' अशी स्वच्छ दिसते, बाणही आणि वजाही असं दुहेरी होत नाही. यासाठी वेगळी इफची, म्हणजे 'असं असेल तर तसं' अशा अटींची, उतरंड लिहायची गरज नाही. बाण टाइप करता येत नसेल तर यूनिकॅर(९६५०) ने वरचा आणि यूनिकॅर(९६६०) ने खालचा बाण मिळतो. एक्सेल २०१३ पासून हे फंक्शन आहे.

अठरा रकान्यांचे सहा झाले. अक्षर मोठं झालं. बैठकीत कागद टेबलावर ठेवून वाचता येऊ लागला. पहिले दोन महिने सगळे खूश होते, मीही.

तिसऱ्या महिन्यात एका विभागाचे आकडे वेळेवर आले नाहीत. सी रकान्यातला तो सेल रिकामा राहिला. सूत्राने रिकाम्या सेलला शून्य धरलं, आणि छापील तक्त्यात त्या विभागासमोर ठळक उमटलं : ० (▼ १००.०%). पूर्वीच्या तीन रकान्यांच्या तक्त्यात मधला सेल कोरा दिसायचा आणि बघणाऱ्याला आपसूक कळायचं की माहिती यायची आहे. एकत्र केलेल्या सेलमध्ये कोरेपणा दिसायला जागाच उरली नव्हती. बैठकीत त्या विभागाच्या प्रमुखांना सगळ्यांसमोर विचारलं गेलं, की काम शंभर टक्के बंद कसं पडलं. प्रत्यक्षात त्या महिन्यात त्यांच्याकडे काम भरपूर झालं होतं, नोंदी तेवढ्या पाठवायच्या राहिल्या होत्या. मी बैठकीतच उभं राहून चूक तक्त्याची आहे, माझी आहे, असं सांगितलं. पण एकदा छापलेला आकडा लोकांच्या डोळ्यांसमोरून लवकर जात नाही. ती गोष्ट मला फार लागली. तोपर्यंत मी हा सेल सजावटीचा भाग समजत होतो. त्या दिवशी कळलं की त्यात लिहिलेलं प्रत्येक चिन्ह हे कुणाच्या तरी कामाबद्दल केलेलं विधान असतं.

त्या रात्री तक्ता उघडून प्रत्येक सेल तपासायला बसलो, तेव्हा बाकीच्या गोष्टीही वर आल्या.

सगळ्यात खोलवरची गोष्ट ही, की जोडून तयार झालेला सेल हा मजकूर असतो, संख्या नसते. दिसतो आकड्यासारखा, पण सम फंक्शन त्या रकान्यावर फिरवलं तर उत्तर शून्य येतं, तेही कसलीही चूक न दाखवता, कारण सम मजकुराकडे सरळ दुर्लक्ष करतं. अधिक चिन्हाने बेरीज केली तर निदान चुकीचा संदेश तरी येतो. क्रम लावला तर अक्षराअक्षराने लागतो : ९८० पासून सुरू होणारा सेल १,२४० च्या सेलपेक्षा मोठा ठरतो, कारण ९ हे अक्षर १ च्या नंतर येतं. आलेख काढला तर सगळे खांब शून्यावर. पिव्होट टेबलमध्ये, म्हणजे नोंदी गटवार गोळा करणाऱ्या तक्त्यात, तो रकाना टाकला तर बेरजेऐवजी मोजणी येते.

रंगांचं तर मला आधी कोडंच पडलं होतं. एक हजाराच्या वर गेलेले सेल हिरवे दिसावेत असा नियम मी कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये घातला होता, आणि रकान्यातले सगळेच्या सगळे सेल हिरवे झाले होते, २१० वालासुद्धा. कारण एक्सेलमध्ये तुलना करताना कोणताही मजकूर कोणत्याही संख्येपेक्षा मोठा मानला जातो. '२१० (▼ ४.१%)' हा मजकूर आहे, म्हणून तो हजारापेक्षा मोठा. दोन महिने तो हिरवा रंग कागदावर होता आणि कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही.

त्यातच, एका सहकाऱ्याला एकूण बेरीज हवी होती. त्याने मला न विचारता, पण अगदी हुशारीने, जोडलेल्या सेलमधून (इथे डी७) आकडा परत सोडवून काढला होता :

=व्हॅल्यू(लेफ्ट(डी७,फाइंड(" ",डी७)-१))

म्हणजे पहिल्या मोकळ्या जागेपर्यंतचा भाग कापायचा आणि त्याची पुन्हा संख्या करायची. हे चालतं. पण एका मोजमापाचे आकडे मोठे होते म्हणून मी ते हजारांत दाखवले होते, एका दशांशापर्यंत. फॉरमॅटच्या शेवटी एक स्वल्पविराम ठेवला की टेक्स्ट संख्येला हजाराने भागून दाखवतं. तिथे सोडवून काढलेला आकडा मुळात हजारांतला आणि पूर्णांकित झालेला. त्याने पुन्हा हजाराने गुणलं, तरी प्रत्येक ओळीत ५० पर्यंतची तफावत राहू शकते, आणि बारा ओळी एकाच बाजूला झुकल्या तर ६०० पर्यंत. त्याची बेरीज आणि मूळ नोंदींची बेरीज जुळेना, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो. एकदा दाखवण्यासाठी गोल केलेली संख्या हिशोबात परत आली, की असं होणारच.

बारीक चुकाही होत्या. एका विभागाचा आकडा २,५०१ वरून २,५०० झाला होता आणि सेल सांगत होता '▼ ०.०%'. घट आहे म्हणायचं आणि ती शून्य आहे म्हणायचं, असं एकाच वेळी. याचं कारण, फॉरमॅटचा कोणता भाग लावायचा हे मूळ संख्येवरून ठरतं, गोल झालेल्यावरून नाही. उपाय सोपा : आधी राउंड, मग टेक्स्ट. राउंड(…,३) ने ०.०४ टक्क्याची घट शून्य होते, आणि फॉरमॅटला '= ०.०%' असा तिसरा भाग जोडला की तो लागू पडतो.

मागचा महिना शून्य असेल तर भागाकार होत नाही आणि चुकीचा संदेश येतो. बरेच जण इथे सगळं सूत्र इफएररमध्ये, म्हणजे चूक आली की तिच्याजागी दुसरंच काही दाखवणाऱ्या फंक्शनमध्ये, गुंडाळतात. मला ते पटत नाही. इफएरर ही चूकही लपवतं आणि इतर दहा चुकाही, उदाहरणार्थ कुणी संख्येच्या जागी 'नाही' असं लिहून ठेवलेलं. शून्याची अडचण आहे तर शून्यच तपासावं.

आणि एक मोजमाप असं होतं की जे ऋणही असू शकायचं, जमा आणि खर्च यांतला फरक. उणे २०० वरून १०० वर आलं की परिस्थिती सुधारली; पण नेहमीच्या सूत्राने बदल येतो उणे १५०%, आणि बाण खाली. भाजक ऋण असल्यामुळे चिन्ह उलटतं. भाजकाला अ‍ॅब्स, म्हणजे वजाचं चिन्ह काढून टाकणारं फंक्शन, लावून बाण सरळ करता येतो, पण त्या १५०% चा अर्थ तरी काय लावायचा? मी तिथे टक्केवारी काढून टाकली आणि नुसता फरक ठेवला : १०० (▲ ३००). वाचणाऱ्याला तेवढं पुरतं.

टक्केवारीतच असलेल्या मोजमापाबद्दल मात्र सगळ्यांशी बोलावं लागलं. वेळेत पूर्ण झालेल्या कामांचं प्रमाण ८०% वरून ८४% झालं, तर वाढ किती? माझं सूत्र सांगत होतं ५%, कारण ४ ला ८० ने भागलं. बैठकीतल्या प्रत्येकाच्या मनातलं उत्तर होतं ४. दोन्ही बरोबर आहेत, पण '८४% (▲ ५.०%)' वाचणारा माणूस आधीचं प्रमाण ७९% होतं असंच समजणार. म्हणून प्रमाणांसाठी भागाकार न करता वजाबाकी घेतली आणि पुढे 'अंक' हा शब्द जोडला : ८४% (▲ ४.० अंक). तक्त्याच्या तळाशी एका ओळीत अंक म्हणजे काय ते लिहिलं.

मग सगळा तक्ता नव्याने बांधला. 'आकडे' नावाच्या शीटवर फक्त मूळ नोंदी, विभागांनी पाठवलेल्या, कसलंही सूत्र नाही. दुसऱ्या शीटवर हिशोब : बेरजा, फरक, टक्केवारी, सगळं खऱ्या संख्यांत. तिसरी शीट छापायची. तिथल्या सेलवर आधारून कुठेही पुढचं सूत्र लिहायचं नाही, हे सहकाऱ्यांना सांगितलं, आणि छापायच्या शीटला संरक्षण लावून टाकलं.

छापायच्या शीटवर मी एक गोष्ट बदलली, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणात तीच महत्त्वाची. बारा ओळींच्या तक्त्यात जोडलेला सेल ठेवलाच नाही. त्याऐवजी आकड्याचा एक रकाना आणि बदलाचा एक अरुंद रकाना शेजारी ठेवला, दोघांमधली रेघ काढून टाकली, पहिला उजवीकडे आणि दुसरा डावीकडे टेकवला. डोळ्यांना तो एकच सेल दिसतो. आतून दोन्ही संख्याच राहतात. बदलाच्या रकान्याला टेक्स्ट नाही, तेच फॉरमॅट सरळ सेलला : ▲ ०.०%;▼ ०.०%;= ०.०%. शिवाय एकंच्या खाली एकं आणि दहंच्या खाली दहं येतं. जोडलेल्या मजकुरात ते जमत नाही. फॉरमॅटमध्ये प्रश्नचिन्हं टाकून मोकळी जागा सोडता येते, पण टेक्स्टमधून आलेली ती जागा अंकापेक्षा अरुंद असते, आणि सगळ्या अक्षरांची रुंदी सारखी असलेला फॉन्ट घेतला तरच रांग सरळ दिसते.

अठराच्या जागी आता बारा रकाने झाले, त्यातले सहा अरुंद. मॅडमना छापून दाखवलं. त्यांना दोन रकाने आहेत हे मी सांगेपर्यंत कळलं नाही.

जागा आणखी कमी असेल तर एक्सेलमध्ये अजून एक वाट आहे, फारशी कुणी न वापरलेली. कंडिशनल फॉरमॅटिंगचा नियम सेलचा रंगच नाही, संख्येचं फॉरमॅटही बदलू शकतो. आकड्याच्या सेलला =सी७>बी७ असा नियम देऊन त्यात #,##० च्या पुढे अवतरणचिन्हांत बाण ठेवला, की सेलमध्ये '१,२४० ▲' दिसतं आणि सेल मात्र शुद्ध संख्या राहतो : बेरीज होते, क्रम लागतो, आलेख निघतो. यात बाण दाखवता येतो, बदलाची टक्केवारी नाही, कारण फॉरमॅटला दुसऱ्या सेलमधली संख्या उचलता येत नाही. गूगल शीट्समध्ये हा मार्ग नाही; तिथे कंडिशनल फॉरमॅटिंग रंग आणि अक्षराची ठेवण एवढंच बदलतं.

जोडलेलं सूत्र टाकून दिलं नाही. पानाच्या माथ्यावर सहा ठळक चौकोन आहेत, प्रत्येक मोजमापाची एकूण संख्या दाखवणारे. तिथे ना क्रम लावायचा असतो ना बेरीज करायची. ते एक वाक्य असतं, आणि वाक्यासाठी मजकूरच योग्य. तिथलं सूत्र आता असं आहे :

=लेट(आधी,आकडे!बी२०, आता,आकडे!सी२०, मूल्य,टेक्स्ट(आता,"#,##०"), इफ(काउंट(आकडे!बी७:सी१८)<२४,"माहिती बाकी", इफ(आधी=०,मूल्य&कॅर(१०)&"आधी शून्य", मूल्य&कॅर(१०)&टेक्स्ट(राउंड((आता-आधी)/आधी,३),"▲ ०.०%;▼ ०.०%;= ०.०%"))))

विसावी ओळ एकूण बेरजेची, म्हणून खरं तर ती हिशोबाच्या शीटवर आहे. इथे वाचायला सोपं जावं म्हणून एकाच शीटचं नाव लिहिलंय. लेट फंक्शन एक्सेल २०२१ आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये आहे, गूगल शीट्समध्येही आहे. त्याने तुकड्यांना नावं देता येतात आणि सहा महिन्यांनी सूत्र उघडलं तरी वाचता येतं. मी नावं रोमन अक्षरांतच ठेवली आहेत. कॅर(१०) म्हणजे नवी ओळ, आकडा वर आणि बदल खाली; पण सेलला रॅप टेक्स्ट लावल्याशिवाय ती ओळ तुटत नाही.

काउंटबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण बैठकीतल्या त्या चुकीचं खरं औषध तेच आहे. काउंट फक्त संख्या असलेले सेल मोजतं. बारा विभागांचे दोन महिन्यांचे मिळून चोवीस आकडे आले नसतील तर एकूण आकडा दाखवायचाच नाही. कुणी संख्या मजकूर म्हणून टाकली असेल, तीही यात पकडली जाते. मात्र काउंट मूळ नोंदींवरच लावावं लागतं. मधल्या शीटवर =आकडे!सी७ असा दुवा असेल तर रिकाम्या सेलचा दुवा शून्य होऊन येतो, तो शून्य ही संख्याच आहे, आणि काउंट त्याला बिनधास्त मोजतं. मी आधी तसंच केलं होतं आणि तपासणीत रिकामा विभाग पुन्हा ▼ १००.०% दाखवू लागला.

रंगांचं शेवटचं काम राहिलं होतं. सूत्राने आलेल्या मजकुरातला फक्त कंसातला भाग रंगवता येत नाही. रंग लागला तर सगळ्या सेलला लागतो. टेक्स्टच्या आत [रेड] लिहूनही उपयोग नसतो, रंग निघून जातो. दोन रकाने केल्यावर ही अडचण आपोआप सुटली, बदलाचा रकाना तेवढा रंगवला. पण वाढ म्हणजे हिरवं असं सरसकट धरता येत नव्हतं. प्रलंबित तक्रारींचा बाण वर गेला तर ते वाईट. म्हणून प्रत्येक मोजमापाच्या डोक्यावर एका लपवलेल्या ओळीत १ किंवा -१ ठेवलं, वाढ चांगली असेल तर १. रंगाचा नियम फरकाला या संख्येने गुणून बघतो आणि गुणाकार ऋण आला की लाल करतो. नियम खऱ्या संख्यांवर आहे, दिसणाऱ्या मजकुरावर नाही. बाण दिशा सांगतो, रंग बरं-वाईट सांगतो. आणि काळ्या-पांढऱ्या छपाईत रंग गेला तरी बाण राहतो.

तक्ता सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या नोंदींची साधी फाइल, करून दुसरीकडे पाठवायचा असेल तर यूटीएफ-८ प्रकारच निवडावा लागतो, नाहीतर बाणांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. आम्ही मात्र आता बाहेर पाठवताना आकड्यांचीच शीट पाठवतो.

नव्या तक्त्याच्या दुसऱ्याच महिन्यात त्याच विभागाचे आकडे पुन्हा उशिरा आले. बैठकीच्या आदल्या दुपारी मसुदा सगळ्यांना गेला, त्यात त्यांच्या ओळीत दोन ठिकाणी आणि वरच्या दोन चौकोनांत 'माहिती बाकी' लिहिलेलं होतं. अर्ध्या तासात त्यांच्या प्रमुखांचा फोन आला, "आमच्यामुळे वरचे चौकोन अडलेत का? थांबा, लगेच पाठवतो." आकडे आले, मी ते दोन सेल भरले, आणि चौकोन बोलू लागले.